दोन जिने, धाप नाही

३ फेब्रुवारी

चिरंजीव घुम्या,

आशीर्वाद घे आणि आधी खाली बस. उभ्याउभ्या वाचायचं हे पत्र नाही, आणि माझं अक्षर हल्ली कोंबडीने उकरल्यासारखं झालंय, तेव्हा चष्माही लाव.

सदतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून मी जगाची बोलणी जोडून दिली आणि आता माझ्याच कानांची लाईन गेली. फोनवर तू बोलतोस त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी पदरचं घालते. मागे तू म्हणालास ‘येतो’ आणि मी ऐकलं ‘जेवतो’. म्हणून पत्र.

माझ्या पित्ताशयात खडे झालेत. सोनोग्राफीवाली मोजता मोजता थकली. दोनदा असं दुखलं की मी भिंतीला धरून उभी राहिले. काढून टाकायला हवेत म्हणतात, सहा मार्चची तारीख दिलीय. डॉक्टर भला माणूस आहे, पण माझं वय, साखर आणि रक्तदाब ऐकून त्याने तोंड वाकडं केलं. म्हणे ऑपरेशन सोपं आहे, जोखीम भुलीची आहे. मी म्हटलं, त्याची काळजी तुम्ही करू नका, भूल माझा भाचा देणार. एवढ्यासाठी एक दिवस तुला इथल्या इस्पितळात भूल देऊ देतील, मी विचारून ठेवलंय.

आता तुझा कान धरायचाय. तुझ्या धाकट्या काकाकडून कळलं की नोव्हेंबरात तू ऑपरेशनच्या टेबलावर मेलेल्या एका चावीवाल्याला परत आणलंस. चार मिनिटं हृदय बंद होतं म्हणे. आणि तू ब्र काढला नाहीस. लहानपणी तुझे आईवडील तुला माझ्याकडे ठेवून कामाला जायचे तेव्हा तू दिवसदिवसभर बोलायचा नाहीस, म्हणून तर घुम्या म्हणायला लागले. पण चांगल्या गोष्टीतही घुमेपणा? मी इमारतीत सगळ्यांना सांगून आलेय. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवालीला तर दोनदा सांगितलं, पहिल्यांदा तिने नीट आश्चर्य दाखवलं नाही.

कळव, कधी येतोस.

तुझी आत्या

११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. पत्र मिळालं. खड्यांचं ऐकून वाईट वाटलं. ऑपरेशन करून घ्यायलाच हवं, टाळू नकोस.

भूल मात्र मी देणार नाही. घरच्या माणसाला आपण देऊ नये असा आमच्यात संकेत आहे, हात कापतो. तुझ्या इस्पितळात एक अनुभवी भूलतज्ज्ञ बाई आहेत, मी चौकशी केली, त्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.

त्या तुला काही गोष्टी विचारतील. मलाही त्यांची उत्तरं कळव. दोन जिने न थांबता चढता येतात का, चढल्यावर धाप लागते का, पाय सुजतात का, आडवं झोपल्यावर दम लागतो का, छातीत कधी भरून येतं का. गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत ते पाकिटावर बघून लिही, आठवून लिहू नकोस.

आणि त्या नोव्हेंबरच्या गोष्टीचं कुणाला सांगू नकोस. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

घुम्या

१५ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझं पत्र होतं की कोर्टाची नोटीस? मी दोनदा उलटून पाहिलं, मागे शिक्का आहे की काय.

प्रश्नांची उत्तरं घे. दोन जिने चढते, धाप नाही. दुसऱ्या मजल्यावर राहते ते काय पंख लावून? पाय सुजत नाहीत. छातीत काही भरून येत नाही. झोप छान लागते. गोळ्यांची पाकिटं सोबत पाठवतेय, रिकामी आहेत, औषध समजून खाऊ नकोस. झालं समाधान?

आता मी एक विचारते, आणि घुमेपणा न करता सांग. घरच्यांना भूल देत नाहीत हे मी मानलं असतं. पण तुझ्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी तूच होतास ना उभा? तेव्हा नाही कापला हात. मला वाटतं, मी म्हातारी, साखरेची, रक्तदाबाची. टेबलावर काही बरंवाईट झालं तर एवढ्यात कमावलेलं नाव जाईल, याची तुला भीती वाटते. बरोबर ना? नाकापेक्षा मोती जड झालाय तुला. मेलेला चावीवाला परत आणता येतो, कारण त्यात टाळ्या आहेत. जिवंत आत्याला झोपवून उठवण्यात कसल्या टाळ्या?

वाईट वाटलं तर वाटू दे. मलाही वाटलंय. सकाळपासून खिडकीतल्या खुर्चीत बसून हे लिहितेय, इथेच डोळा लागतो हल्ली, इथेच उजाडतं. इमारतीतली माणसं विचारतात, भाचा कधी येतोय? मी सांगते, कामात आहे.

आत्या

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नावाचं तू लिहिलंस ते वाचून मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मला माझ्या नावाची इतकी लाज वाटते की वॉर्डात कुणी हाक मारली तरी नको होतं.

काय झालं ते लिहितो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

आमच्याकडे ऑपरेशनआधीची भुलीची तपासणी दुसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट आठ महिने बंद होती. त्यातून आम्ही एक सोय काढली. जो माणूस जिने चढून वर येतो आणि खुर्चीत बसून धड बोलतो, त्याचं हृदय ठीक, असं धरायचं. फॉर्मवर एक चौकट असते, त्यात ‘दोन जिने, धाप नाही’ असं लिहून टाकायचं. विचारायचीही गरज नाही. ज्यांना चढवत नाही त्यांना आम्ही खाली जाऊन तपासायचो, आणि त्यांना मात्र नीट तपासायचो. शिकायला आलेल्या डॉक्टरांना मी हसत सांगायचो, जिना हा आपला सगळ्यात जुना मदतनीस आहे, पगारही मागत नाही.

तो चावीवाला हर्नियासाठी आला होता. साठी ओलांडलेला, रुंद छातीचा, बोलका. त्या दिवशी एकतीस जण होते, हा एकोणिसावा. आरामात बसला, माझ्या टेबलाच्या खणाचं कुलूप कुठल्या प्रकारचं आहे ते सांगितलं. धाप नव्हती. मी चौकटीत लिहिलं. स्टेथोस्कोप त्याच्या स्वेटरवरूनच दोन ठिकाणी टेकवला.

लिफ्ट त्या दिवशी सकाळीच सुरू झाली होती. मी पोट कमी करायचं म्हणून मागच्या जिन्याने ये-जा करतो, मला पत्ताच नव्हता. तो लिफ्टने आला होता.

त्याच्या हृदयाची एक झडप आकसून पेन्सिलीएवढी झाली होती. स्वेटर काढायला लावला असता तर त्यातली घरघर शिकाऊ डॉक्टरलाही ऐकू आली असती. मी पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल दिली. तिने रक्तवाहिन्या सैल होतात आणि दाब उतरतो. धडधाकट हृदय जोर लावून तो भरून काढतं. याच्या हृदयाला जोर लावायला वाटच नव्हती. दाब उतरला, मग हृदयालाच रक्त मिळेना, मग ते थांबलं.

अशा माणसालाही भूल देता येते, आत्या. मी दिलेली आहे. आधी इको करायचा, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायचं. मनगटाच्या रक्तवाहिनीत नळी घालून दाब ठोक्याठोक्याला बघायचा. औषध थोडं थोडं द्यायचं, आणि दाब चढवणारी सिरिंज भरून हाताशी ठेवायची. यात चमत्कार काही नाही. आधी माहीत असावं लागतं, एवढंच.

चार मिनिटं मी त्याची छाती दाबत होतो. बरगड्या मोडल्याचं हाताला कळलं. तो परत आला. अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता. आता चालतो, बोलतो, पण उजव्या हाताची बोटं बधिर आहेत आणि हात कापतो. चावी घासता येत नाही.

इस्पितळाच्या बैठकीत ‘अचानक उद्भवलेली गुंतागुंत’ असं ठरलं. आमचे सर्जन म्हणाले, वाचला ना, मग विषय संपला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. घरी जाताना त्याच्या बायकोने माझे हात धरले आणि म्हणाली, “लिफ्ट त्याच दिवशी चालू झाली हे नशीब. हे दोन वर्षं घरचा माळासुद्धा चढलेले नाहीत.” ती आभार मानत होती. मी मान डोलावली आणि निघून आलो.

तेव्हापासून मी सोप्या केसेस तेवढ्या घेतो. अवघड माणूस आला की दुसऱ्याकडे ढकलतो. तुलाही तसंच ढकललं. नाव जाईल म्हणून नाही. माझ्या तपासणीवर माझाच विश्वास उरलेला नाही.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस, ‘दोन जिने चढते, धाप नाही.’ नेमकं हेच वाक्य माझ्या अक्षरात त्या फाईलमध्ये आहे. आत्या, खुर्चीत का झोपतेस? पलंगाला काय झालं? मला खरं लिही.

घुम्या

२४ फेब्रुवारी

घुम्या,

पत्र वाचून मी शिवणकामवालीकडे जाऊन सांगणार होते की मी तुला सांगितलं ते विसर. पण खाली जाता येईना. तेच आता लिहिते.

मला जिने चढवत नाहीत. उतरवतही नाहीत. जानेवारीपासून मी आपल्या पायांनी खाली गेलेली नाही. दोरीला पिशवी बांधून सोडते, ती शिवणकामवाली तिच्यात भाजी घालते. पहिल्या पत्रात सगळ्या इमारतीला तुझं कौतुक सांगून आले असं लिहिलं ना, ते खिडकीतून ओरडून सांगितलं. आडवी झाले की पाण्यात बुडाल्यासारखं होतं, म्हणून तीन महिने खुर्चीतच झोपते. पाय संध्याकाळी असे सुजतात की चपलेचा पट्टा लागत नाही. दवाखान्यात जाताना रिक्षावाल्याने आणि तिने मिळून मला धरून उतरवलं, आणि डॉक्टरला मी सांगितलं गुडघे दुखतात.

खोटं का बोलले विचारशील. ऑपरेशन नाकारतील म्हणून. मग ‘एकटी कशी राहणार’ म्हणत तुम्ही सगळे जमाल, आणि मला कुणाच्या तरी मागच्या खोलीत नेऊन ठेवाल. आणि अजून एक कारण आहे. मला नापास व्हायची लाज वाटते. एक्सचेंजमध्ये दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. शेवटची तीन वर्षं मी तपासणाऱ्या बाईंचे ओठ बघून उत्तरं दिली. कितीजणांच्या लाईनी चुकीच्या जोडल्या असतील कोण जाणे. मीही कुणाला बोलले नाही, तेव्हा तुझा घुमेपणा कुठून आला ते शोधायला लांब जायला नको.

पण एक सांगते. मला विचारलेल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं. तुझ्या चावीवाल्याने नाही दिलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि आता तो थरथरता हात घेऊन घरी बसलाय आणि तुला दुवा देतोय. करून सवरून नामानिराळा असं माणसाने किती दिवस राहावं? तुला खुपतंय हे बरं आहे, पण तुझ्या खुपण्याचा त्याला काय उपयोग? लाज वाटते म्हणून अवघड माणसं दुसऱ्याकडे ढकलणं हे तर मला लाडच वाटतात, स्वतःचे.

तेव्हा माझी अट ऐक. तू त्या माणसाच्या घरी जाऊन त्याला तोंडाने सांगेपर्यंत मी माझ्या डॉक्टरला यातलं काही सांगणार नाही. सहा तारखेला मुकाट्याने टेबलावर चढेन. तुला माहीत आहे, मी चढेन.

आत्या

१२ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र सव्वीस फेब्रुवारीलाच आलं. वाचून संपायच्या आत मी तुझ्या डॉक्टरांना फोन केला. तुझी अट मी मोडली, आणि पुन्हा अशी अट घातलीस तर पुन्हा मोडेन. जीव ओलीस ठेवून माणसाला शहाणं करायचं नसतं. तू चिडून काकाला निरोप दिलास की ‘त्या चहाडखोराला म्हणावं पत्र पाठवू नकोस’, तोही पोचला. तरी पाठवतोय.

तुझा इको मी पाहिला. हृदय थकलंय, पण औषधाला दाद देतंय. अंगात साठलेलं पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी दोन उशांवर झोपायला लागलीस असं काकाने सांगितलं. ऑपरेशन महिनाभराने होईल. भूल त्या बाईच देतील, मनगटात नळी घालून, सावकाश. मी आदल्या दिवशी येईन आणि फॉर्मवरचे सगळे प्रश्न तुला स्वतः विचारीन, तोंडासमोर बसून. माझे ओठ बघून उत्तरं द्यायला हरकत नाही, पण खरी दे. मागच्या खोलीत तुला कुणी नेऊन ठेवत नाही. तळमजल्यावरची एक जागा रिकामी होतेय म्हणे, शिवणकामवालीच्या शेजारची, ती बघू.

आता दुसरं. रविवारी मी चावीवाल्याकडे गेलो.

जाण्याआधी इस्पितळाच्या प्रमुखांना लेखी दिलं की ती चौकट मी न विचारता भरली होती आणि छाती नीट तपासली नव्हती. ते म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोयस. मी म्हटलं, हो. त्याची एक प्रत खिशात घातली.

पण त्याआधी तुला सांगायला हवं की मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. सगळं लिहितोय असं म्हणून सगळ्यात वाईट तेवढं वगळलं. आत्या, तुझ्याजवळसुद्धा मला ते लिहवेना.

ऑपरेशनच्या दिवशी चावीवाल्यांना उपाशी राहायला सांगितलं होतं. पहाटे त्यांनी बायकोची नजर चुकवून दोन घोट चहा घेतला होता. अतिदक्षता विभागाच्या दारात तिने मला विचारलं, डॉक्टर, चहानेच झालं का हे? मला माहीत होतं की चहाचा यात काही संबंध नाही. मी म्हणालो, “उपाशी राहायला सांगितलं होतं ना?” एवढंच. त्यात एक शब्द खोटा नव्हता. बैठकीच्या अहवालातही ते आलं, ‘रुग्णाने उपाशी राहण्याची सूचना पाळली नव्हती.’ खाली माझी सही आहे.

दुकानाच्या मागेच त्यांचं घर आहे. पुढे चाव्या कापायचं यंत्र, त्यावर जुनी चादर टाकलेली. दोघांनी माझं असं स्वागत केलं की मला दारातूनच परत फिरावंसं वाटलं. त्यांनी डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढली. शेजारी कुणी गृहस्थ बसले होते, त्यांना ते सांगायला लागले की हेच ते डॉक्टर, माझ्याच मूर्खपणाने मी मेलो होतो, दोन घोट चहासाठी, यांनी वाचवलं. हसत सांगत होते. पाठ झालेलं होतं, कितीतरी जणांना सांगितलं असावं. बायको म्हणाली, तेव्हापासून चहा सोडलाय यांनी, मीच बंद केला, रोज आठवण करून देते की तुमच्या जिभेने आपल्याला कुठे आणून बसवलं.

ते गृहस्थ उठून जाईपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. लिफ्ट, चौकट, स्वेटर, झडप. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. कागद त्यांच्यापुढे ठेवला, तक्रार कुठे करायची तेही सांगितलं.

कागदाकडे त्यांनी पाहिलंच नाही. पाहिलं ते स्वतःच्या उजव्या हाताकडे. मग म्हणाले, “म्हणजे चहाने नाही झालं?”

मी म्हणालो, नाही.

“अजिबात नाही?”

दोन घोट चहाने हृदय थांबत नाही, मी म्हणालो, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं, हेच मला सहन होईना. शिक्षा भोगून झाल्यावर कळावं की गुन्हा आपला नव्हता, तसं काहीसं तोंड झालं होतं त्यांचं. ती उठून आत गेली. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी उठायला हवं होतं की बसायला, मला कळेना. मी बसलो.

ती एकच कप घेऊन आली. चहा होता. तो त्यांच्यापुढे ठेवला, पण कापऱ्या हाताने त्यांना उचलता येईना, तेव्हा तिने तो स्वतः धरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. ते प्यायले. सगळा कप संपवला. मग तिने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“चार महिने तुम्ही मला यांच्याशी भांडायला लावलंत,” ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

घुम्या